शरीररचना, हालचाल आणि संवेदना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राणी कसा चालतो आणि त्याला जग कसे जाणवते, हे आपण बहुधा दोन वेगळ्या धड्यांत शिकतो. प्रत्यक्ष शरीरात या दोन गोष्टी सुट्या करता येत नाहीत. पाऊल पडले की डोळ्यांना सावरावे लागते, आणि वास घ्यायचा म्हटले तरी आधी छातीचे स्नायू हलवावे लागतात. म्हणून पुढील उत्तरांत हाडे, स्नायू आणि इंद्रिये यांचा विचार शक्य तेथे एकत्रच केला आहे.

घोड्याचा मागचा गुडघा उलट्या दिशेने का वाकतो?

तो गुडघा नाही. मागच्या पायाच्या मध्यावर मागे वळलेला जो कोन दिसतो, तो घोड्याचा घोटा आहे आणि त्यामागे बाहेर आलेले टोक ही त्याची टाच आहे. खरा गुडघा बराच वर, पोटाच्या रेषेजवळ असतो आणि तो माणसाच्या गुडघ्यासारखाच पुढे वाकतो. पक्ष्यांच्या बाबतीतही हाच गैरसमज होतो. बगळ्याच्या लांब पायात जो सांधा उलटा वाटतो तो घोटा असतो, आणि गुडघा पिसांखाली झाकलेला राहतो.

माणूस आणि अस्वल चालताना पूर्ण तळवा टेकवतात, कुत्रा आणि मांजर बोटांवर चालतात, आणि घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटाच्या, म्हणजे मधल्या बोटाच्या, टोकावर उभा असतो. खूर हे त्या बोटाचे जाड झालेले नख होय. तळव्याची हाडे अशी लांबून जमिनीपासून वर उचलली गेली की पायाची परिणामी लांबी वाढते आणि ढांग मोठी पडते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे वजनदार स्नायू वर धडाजवळ राहतात आणि खालच्या भागात मुख्यतः हाड व कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे चिवट दोर, उरतात. लोलकाच्या टोकाचे वजन कमी केले तर तो झुलवायला कमी जोर लागतो, तसेच येथे होते. याची किंमतही घोड्याने मोजली आहे: त्या पायाने काही पकडता येत नाही, चढता येत नाही आणि तो बाजूला फारसा वळतही नाही. तो पाय जवळजवळ पूर्णपणे एका कामाला वाहिलेला आहे.

मग घोडा उभ्यानेच झोपतो, हे खरे का?

हलकी झोप तो उभ्याने घेतो. मागच्या पायातील गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या टोकावरील कंगोऱ्यावर अडकवली की सांधा जवळजवळ कुलूप लावल्यासारखा स्थिर होतो आणि स्नायूंना अगदी थोडे काम उरते. झोपेच्या ज्या टप्प्यात शरीराचे स्नायू पूर्ण सैल पडतात, त्या टप्प्यासाठी मात्र त्याला आडवे व्हावेच लागते.

घोडा भरधाव धावताना त्याचे चारही पाय एकाच वेळी हवेत असतात का?

असतात. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिज यांनी कॅलिफोर्नियात एका ओळीत मांडलेल्या कॅमेऱ्यांनी ही गोष्ट दाखवून दिली. त्याआधीचे चित्रकार पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणलेला घोडा रंगवत असत. प्रत्यक्षात चारही पाय पोटाखाली गोळा झालेले असतात तेव्हा घोडा अधांतरी असतो.

माणसाचा हात, वटवाघळाचा पंख आणि देवमाशाचा वल्ह्यासारखा पर यांत काही साम्य आहे का?

तिन्हींमध्ये हाडांचा क्रम एकच आहे: दंडात एक हाड, पुढे शेजारी शेजारी दोन हाडे, मग मनगटाची लहान हाडे आणि शेवटी बोटे. वटवाघळाने बोटे अतिशय लांबवून त्यांच्यामध्ये त्वचेचा पडदा ताणला. देवमाशाने ती सर्व एकाच जाड आवरणात बंद केली. मानेतही अशीच चिकाटी दिसते. जिराफाच्या मानेत मणके सातच असतात, माणसाच्याही मानेत सात आणि उंदराच्याही मानेत सात. जिराफाची मान वाढली ती मणक्यांची संख्या वाढवून नव्हे, एकेक मणका लांबवून. झाडांवर राहणारा संथ स्लॉथ आणि पाण्यात राहणारा मॅनाटी हे सस्तन प्राण्यांतील ठळक अपवाद होत.

माणसाचा हात इतका कुशल आहे, मग तो इतर वानरांच्या मानाने दुबळा का?

याच्या उत्तराचा एक भाग तरफेत आहे. कोपर वाकवणारा दंडातील स्नायू पुढच्या हाताच्या हाडाला कोपरापासून जेमतेम ४ ते ५ सेंटीमीटरवर जोडलेला असतो, आणि हाताचा पंजा कोपरापासून सुमारे ३५ सेंटीमीटर दूर असतो. त्यामुळे पंजात ५ किलो वजन धरले की स्नायूला ३५ ते ४० किलो वजन पेलण्याइतकी ओढ लावावी लागते. हे गणित सतराव्या शतकात जोव्हानी बोरेल्ली यांनी मांडले, तेव्हा ते अनेकांना विपरीत वाटले असावे, कारण तोपर्यंत शरीर थोड्या बळाने मोठे वजन उचलते अशी समजूत होती. वास्तविक स्नायू बळाच्या बाबतीत तोट्यात राहून वेग कमावतो. तो १ सेंटीमीटर आखडला की पंजा ७ ते ८ सेंटीमीटर सरकतो. दगड नेम धरून दूर फेकणे, हातोडी वेगाने आपटणे, पडणारी वस्तू झेलणे हे सर्व या व्यवहारातून शक्य झाले आहे.

याच्या उलट टोकाला खवल्या मांजर आहे. जमीन उकरणाऱ्या अशा प्राण्यांत कोपराचे मागचे टोक खूप लांब असते, त्यामुळे हात सरळ करणाऱ्या स्नायूला लांब दांडा मिळतो आणि पंजा सावकाश, परंतु प्रचंड जोराने माती फोडतो. सांगाड्यातील कोपराचे एवढे एकच टोक पाहिले तरी तो प्राणी धावणारा होता की खणणारा, याचा चांगला अंदाज बांधता येतो.

चिंपांझीबद्दल मात्र अतिशयोक्ती फार झाली आहे. त्याचा स्नायू तितक्याच आकाराच्या मानवी स्नायूच्या तुलनेत सुमारे १.३५ पट जोर देतो, असे २०१७ मधील अभ्यासात आढळले. पाचपट किंवा दहापट ताकदीच्या गोष्टी त्यापुढे टिकत नाहीत. फरकाचे कारण बरेचसे तंतूंच्या प्रकारात आहे: चिंपांझीत जलद आखडणारे तंतू अधिक असतात, तर माणसात न थकता काम करणारे संथ तंतू अधिक असतात.

हाड नसलेली हत्तीची सोंड कशी हलते?

स्नायू फक्त आखडून ओढू शकतो, ढकलू शकत नाही, आणि म्हणून त्याला ओढण्यासाठी हाडाचा आधार लागतो. सोंड, जीभ आणि ऑक्टोपसच्या भुजा यांत हा आधार स्नायूच एकमेकांना देतात. स्नायूचे आकारमान दाबाने कमी होत नाही. त्यामुळे आडवे तंतू आखडून अवयव बारीक झाला की तो आपोआप लांब होतो. बोलताना जीभ दातांकडे सरकते ती याच पद्धतीने.

हत्ती उडी मारू शकत नाही आणि पिसू स्वतःच्या कित्येक पट उंच उडते. पिसू माणसाएवढी असती तर इमारत ओलांडून गेली असती का?

नसती, आणि ही तुलना कितीही वेळा ऐकली असली तरी ती सोडून द्यावी. गॅलिलिओ यांनी १६३८ मध्येच तिचे उत्तर दिले होते. शरीराची लांबी दुप्पट केली तर वजन आठपट होते, परंतु हाडाच्या आणि स्नायूच्या छेदाचे क्षेत्रफळ केवळ चौपट होते. म्हणजे मोठ्या होत जाणाऱ्या प्राण्याच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटर हाडावर भार वाढतच जातो. माणसाएवढ्या पिसूचे बारीक पाय उडी मारण्यापूर्वी स्वतःच्या वजनानेच मोडले असते.

हत्तीचे पाय म्हणूनच खांबासारखे सरळ आहेत. हाडे एकावर एक रचल्याप्रमाणे उभी असल्याने वजन हाडांतून थेट खाली उतरते आणि सांधे वाकलेले धरून ठेवण्याचा खर्च वाचतो. वेगाने जाणारा हत्ती ताशी सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पोहोचतो, पण त्या वेगातही चारही पाय एकदम जमिनीवरून सुटत नाहीत. पिसूची अडचण नेमकी वेगळी आहे. इतक्या लहान शरीराला उड्डाणासाठी सेकंदाचा सुमारे हजारावा भागच मिळतो, आणि कोणताही स्नायू तेवढ्यात पुरेशी ऊर्जा देऊ शकत नाही. म्हणून ती रेझिलिन नावाच्या रबरासारख्या प्रथिनाचा आणि कवचाचा भाग आधी सावकाश ताणून ठेवते आणि मग एकदम मोकळा करते, गलोलीसारखा.

ताणून साठवण्याची हीच युक्ती मोठ्या प्राण्यांच्या कंडरांतही आहे. कांगारू उड्यांचा वेग वाढवतो तेव्हा एका मर्यादेपर्यंत त्याला लागणारा प्राणवायू वाढत नाही, हे १९७३ मध्ये मोजून दाखवले गेले. प्रत्येक उडीत खाली येताना ताणलेली कंडरा पुढच्या उडीला बळ परत देते. माणसाच्या टाचेमागची जाड कंडरा आणि तळव्याची कमान धावताना हेच काम करतात.

दोन पायांवर चालण्यासाठी माणसाच्या शरीरात काय काय बदलावे लागले?

डोक्यापासून अंगठ्यापर्यंत जवळजवळ सर्व काही. कवटीच्या ज्या छिद्रातून मेंदू मज्जारज्जूला जोडला जातो ते छिद्र चौपायांत मागच्या बाजूला असते. माणसात ते तळाशी आले, त्यामुळे डोके कण्यावर तोलले जाते. कण्याला इंग्रजी एस या अक्षरासारखी वळणे आली. नवजात बाळाच्या कमरेला हे वळण नसते, ते बसू-चालू लागते तेव्हा तयार होते, आणि मला या संपूर्ण विषयात ही गोष्ट सर्वाधिक विलक्षण वाटते, कारण येथे हालचाल हीच रचनेला आकार देते. कटिप्रदेशाची हाडे आखूड आणि वाटीसारखी रुंद झाली.

चालताना प्रत्येक पावलाला आपण काही क्षण एकाच पायावर उभे असतो. तेव्हा शरीर उचललेल्या पायाच्या बाजूला कलंडू नये म्हणून टेकलेल्या पायाच्या खुब्याबाहेरील स्नायू कटीला ओढून धरतो. वाटीसारख्या कटीमुळे तो स्नायू बाजूला येऊन या कामाला लागला. चिंपांझीत तो स्नायू मागच्या बाजूला आहे, म्हणून दोन पायांवर चालताना त्याला अंग डावीकडे-उजवीकडे झोकावे लागते. माणसाच्या मांडीचे हाड खुब्यापासून आत तिरपे येते, त्यामुळे गुडघे आणि पावले शरीराच्या मध्याखाली पडतात. पायाचा अंगठा इतर बोटांच्या रांगेत आला, पकडण्याचे काम सोडून ढकलण्याचे काम करू लागला. एका पावलात २६ हाडे असतात. दोन्ही पावलांची मिळून ५२, म्हणजे शरीरातील २०६ हाडांपैकी चौथा हिस्सा.

हे सर्व मेंदू मोठा होण्याच्या खूप आधी घडले. टांझानियातील लेतोली येथे ज्वालामुखीच्या राखेत उमटलेले पावलांचे ठसे ३६ लाखांहून अधिक वर्षांपूर्वीचे आहेत आणि ते दोन पायांवर चालणाऱ्यांचे आहेत.

चित्ता इतका वेगवान कशामुळे?

केवळ पायांमुळे नाही. त्याचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सरळ होतो, आणि प्रत्येक झेपेत ढांगेची लांबी वाढवतो. खांद्याच्या पात्याला जत्रुकाने, म्हणजे गळ्याखालच्या आडव्या हाडाने, छातीशी जखडलेले नसल्यामुळे पातेही पायासोबत पुढे-मागे सरकते. पूर्ण आत न जाणारी नखे जमिनीत रुततात आणि जड शेपटी वळणावर तोल धरते. २०१२ मध्ये अमेरिकेतील एका प्राणिसंग्रहालयातील सारा नावाच्या मादी चित्त्याने १०० मीटर अंतर ५.९५ सेकंदांत कापले. उसेन बोल्ट यांचा २००९ मधील विक्रम ९.५८ सेकंदांचा आहे. अशा धावेत चित्त्याचे धड जोरात वरखाली होत असते, पण डोके जवळजवळ एका रेषेत पुढे जाते. नजर भक्ष्यावरून हलली तर सगळा वेग वाया जाईल, आणि हे कसे साधते ते पुढच्या उत्तरात पाहता येईल.

चालताना किंवा धावताना आपल्याला समोरचे दृश्य हलताना का दिसत नाही?

आधी एक प्रयोग करून पाहावा. हे वाक्य समोर ठेवून डोके पटापट डावीकडे-उजवीकडे हलवत वाचावे. ते बहुतेक वाचता येईल. आता डोके स्थिर ठेवून मजकूरच तितक्या वेगाने हलवावा. अक्षरे पुसट होतील. डोळा आणि मजकूर यांच्यातील हालचाल दोन्ही वेळा सारखीच असूनही निष्पत्ती वेगळी येते.

कारण पहिल्या वेळी आतील कानाने मदत केलेली असते. प्रत्येक कानात परस्परांशी काटकोनात असलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांत द्रव असतो. डोके वळले की नलिका वळते, द्रव जडत्वामुळे मागे राहतो, आणि त्या ओढीने संवेदनशील केसपेशी वाकतात. तेथून निघालेला संदेश मेंदूच्या तळाकडून थेट डोळ्यांच्या स्नायूंकडे जातो आणि डोळे डोक्याच्या विरुद्ध दिशेला तितकेच फिरतात. याला सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग पुरतो. नुसते पाहून डोळे वळवायचे तर याच्या जवळपास दहापट वेळ लागतो, म्हणून हलणारा मजकूर पकडता येत नाही. गोल गोल फिरून थांबल्यावर चक्कर येते तीही याच द्रवामुळे. आपण थांबतो, द्रव फिरतच राहतो.

ज्या प्राण्यांचे डोळे खोबणीत फारसे फिरत नाहीत, ते हे काम मानेवर सोपवतात. कबुतर चालताना मान पुढे-मागे झटकत असल्यासारखे दिसते. नीट पाहिले तर त्याचे डोके काही क्षण हवेत अचल थांबते, तेवढ्यात शरीर पुढे येते, आणि मग डोके झटकन पुढच्या जागी जाते. १९७८ मध्ये कबुतरांना फिरत्या पट्ट्यावर चालवून पाहिले गेले. पाय चालत होते, पण भोवतालचे दृश्य सरकत नव्हते, आणि मानेचे ते हलणे जवळजवळ थांबले. म्हणजे ते हलणे पायांच्या तालासाठी होत नव्हते, डोळ्यांसमोर चित्र स्थिर धरण्यासाठी होत होते. हालचाल आणि संवेदना यांची गाठ इतक्या स्वच्छपणे दाखवणारे प्रयोग फार थोडे आहेत.

शिकारी प्राण्यांचे डोळे समोर आणि भक्ष्याचे बाजूला, हा नियम खरा आहे का?

ढोबळमानाने खरा आहे, पण तो नियम म्हणून पाठ करू नये. बाजूला असलेल्या डोळ्यांमुळे घोड्याला जवळजवळ ३५० अंशांचा परिसर दिसतो. माणसाला १८० अंशांहून थोडे अधिक दिसते, पण त्यातील सुमारे १२० अंशांचा भाग दोन्ही डोळ्यांना एकाच वेळी दिसतो आणि दोन चित्रांतील बारीक फरकावरून मेंदू खोली मोजतो. परिसर मोठा हवा की खोली अचूक हवी, यांतील ही निवड आहे. फळे खाणारी माकडे शिकारी नसूनही त्यांचे डोळे समोर आहेत, कारण फांदीचे अंतर चुकले तर पडणे नक्की असते.

बाहुलीचा आकारही याच हिशोबात बसतो. शेळीची बाहुली आडव्या फटीसारखी असते, ज्यामुळे क्षितिजालगतचा पट्टा स्पष्ट दिसतो. शेळी चरायला मान खाली घालते तेव्हा डोळे खोबणीत फिरतात आणि ती फट जमिनीला समांतरच राहते. घुबडाने वेगळाच मार्ग घेतला. अंधुक प्रकाशासाठी त्याचे डोळे इतके मोठे आणि नळीसारखे लांबट झाले की ते फिरवायला जागाच उरली नाही. त्याची भरपाई मानेने केली. मानेत १४ मणके असल्याने ते डोके २७० अंशांपर्यंत वळवू शकते.

डोळा परिपूर्ण आहे असे म्हणतात. मग अंधबिंदू कशाला?

कागदावर ८ सेंटीमीटर अंतरावर दोन ठिपके काढावेत, डावा डोळा झाकून उजव्या डोळ्याने डावीकडचा ठिपका पाहावा आणि कागद सुमारे ३० सेंटीमीटरवर धरून किंचित पुढे-मागे करावा. एका जागी उजवीकडचा ठिपका नाहीसा होतो. तेथे त्याची प्रतिमा दृष्टिपटलाच्या त्या भागावर पडते जेथून मज्जातंतूंचा जुडगा बाहेर पडतो आणि जेथे प्रकाश टिपणाऱ्या पेशी नसतात; हाच अंधबिंदू. पाठीचा कणा असलेल्या सर्व प्राण्यांत मज्जातंतू दृष्टिपटलाच्या पुढच्या बाजूने जातात, म्हणून त्यांना पटल भेदूनच मागे जावे लागते. ऑक्टोपसच्या डोळ्यात तंतू मागूनच निघतात आणि त्याला अंधबिंदू नाही. आपला डोळा गर्भात मेंदूचा फुगवटा म्हणून तयार होतो, ऑक्टोपसचा त्वचेच्या घडीतून. दोन्ही भिंगांचे डोळे असले तरी त्यांचा जन्म वेगळ्या मार्गाने झाला. मी याला दोष म्हणण्यापेक्षा वारसा म्हणेन. जे आधीपासून होते त्यातच शरीराने भागवले आहे.

कानात तीन हाडांची गरज काय?

हवेतील ध्वनी थेट द्रवावर आदळला तर जवळजवळ सगळा परतून जातो, आणि ऐकण्याच्या पेशी आतील कानाच्या द्रवात आहेत. हातोडी, ऐरण आणि रिकीब ही हाडे कानाच्या मोठ्या पडद्यावरील कंपने आत असलेल्या, सुमारे सतरापट लहान खिडकीवर एकवटतात, त्यामुळे दाब वाढतो. रिकीब जेमतेम ३ मिलिमीटरची आहे. यांपैकी हातोडी आणि ऐरण ही एके काळी जबड्याच्या सांध्यातील हाडे होती. भ्रूणाच्या वाढीवरून हे १८३७ मध्ये कार्ल राइखर्ट यांनी ओळखले आणि पुढे जीवाश्मांनी त्याला दुजोरा दिला. सापाच्या जबड्यात ती हाडे आजही जबड्याचेच काम करतात, आणि साप जमिनीची कंपने जबड्यावाटे आतील कानापर्यंत पोहोचवतो. साप पूर्ण बहिरा असतो, ही समजूत चुकीची आहे.

आवाजाची दिशा दोन कानांतील वेळेच्या फरकाने कळते, आणि माणसात तो फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. वर-खाली कोठे, हे मात्र त्यावरून कळत नाही. त्यासाठी आपण कानाच्या पाळीच्या घड्यांवर अवलंबून असतो. गव्हाणी घुबडाने ही अडचण असममितीने सोडवली. त्याच्या एका कानाचे छिद्र दुसऱ्यापेक्षा वर असते, म्हणून खालून आलेला आवाज दोन कानांत कमी-अधिक तीव्र ऐकू येतो, आणि ते पूर्ण अंधारात केवळ आवाजावर उंदीर पकडते.

कुत्र्याचे नाक माणसापेक्षा नेमके कशात सरस आहे?

पेशींच्या संख्येत तर आहेच, परंतु हवेच्या वाटेतही आहे. कुत्रा हुंगतो तेव्हा आत गेलेल्या हवेचा एक भाग नाकाच्या मागच्या बाजूच्या एका वेगळ्या कप्प्यात जातो, जेथे वास ओळखणाऱ्या पेशी दाटीने असतात आणि जेथे श्वासाचा मुख्य प्रवाह येत नाही. उच्छ्वास नाकपुड्यांच्या बाजूच्या फटींतून मागे फेकला जातो, त्यामुळे समोरचा वास उधळला जात नाही. हे हुंगणे सेकंदाला साधारण पाच वेळा चालते. सापाची दुभंगलेली जीभ दोन टोकांनी दोन ठिकाणचे रेणू गोळा करते आणि टाळूतील इंद्रियाकडे नेते. कोणत्या टोकावर वास जास्त, यावरून तो माग काढतो.

माणसाला या बाबतीत उगाच कमी लेखले जाते. आपल्याकडे वासाच्या ग्राहकांचे, म्हणजे वासाचे रेणू टिपणाऱ्या सूक्ष्म रचनांचे, सुमारे ४०० प्रकार आहेत. अशा ग्राहकांची जनुके लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली, आणि त्यासाठी त्यांना २००४ चे नोबेल मिळाले. कॅलिफोर्नियातील एका प्रयोगात डोळे बांधलेली माणसे रांगत रांगत गवतावर ओढलेल्या चॉकलेटच्या वासाचा माग काढू शकली, आणि सरावाने त्यांचा वेग वाढला. आपले नाक जमिनीपासून दीड मीटर वर असते, हा अडथळा नाकापेक्षा पायांनी निर्माण केलेला आहे.

बोटांच्या टोकांना स्पर्श इतका बारीक का कळतो?

तेथे ग्राहक दाट आहेत आणि मेंदूतही त्यांना मोठी जागा मिळालेली आहे. दोन टोके २ ते ३ मिलिमीटरवर ठेवली तरी बोटाला ती दोन आहेत हे कळते; पाठीवर तीच टोके सुमारे ४ सेंटीमीटर दूर न्यावी लागतात. पण स्थिर ठेवलेल्या बोटाला कापडाचा पोत फारसा कळत नाही, बोट फिरवावे लागते. उंदीर आपल्या मिशा सेकंदाला अनेकदा पुढे-मागे हलवतो तो याच कारणासाठी, आणि सील प्राणी मिशांनी पाण्यात माशाने मागे सोडलेले भोवरे ओळखतो.

डोळे मिटूनही आपला हात कोठे आहे हे कसे कळते?

स्नायूंच्या आत तर्कूच्या आकाराचे सूक्ष्म ग्राहक असतात. स्नायू किती आणि किती वेगाने ताणला गेला हे ते कळवतात, आणि कंडरांतील ग्राहक ओढीचा जोर कळवतात. चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये या जाणिवेला स्वतंत्र नाव दिले. यातील ताण ओळखणारे पायझो-२ हे प्रथिन आर्डेम पाटापुटियन यांच्या संशोधनातून पुढे आले, ज्यासाठी २०२१ चे नोबेल डेव्हिड ज्युलियस यांच्यासह त्यांना विभागून मिळाले. ज्यांच्यात जन्मतः हे प्रथिन काम करत नाही अशी माणसे डोळे उघडे असताना चालतात, पण डोळे बांधले की त्यांचा तोल जातो आणि नाकाला बोट लावणेही कठीण होते. पाच इंद्रियांच्या यादीत ही जाणीव नसते, याचे मला नेहमी वाईट वाटते. इतर पाचांपैकी एखादे गमावून माणूस चालू शकतो, हिच्यावाचून साधे उभे राहणेसुद्धा डोळ्यांच्या भरवशावर येते.

माणसात मुळीच नसलेली इंद्रिये कोणती?

शार्कच्या मुस्कटावर जेलीने भरलेल्या नळ्यांची छिद्रे असतात. स्टेफानो लोरेन्झिनी यांनी १६७८ मध्ये त्यांचे वर्णन केले, पण वाळूत लपलेल्या माशाच्या स्नायूंतून निघणारे विद्युतक्षेत्र त्यांनी टिपले जाते, हे विसाव्या शतकात कळले. खळगेधारी विषारी सापांच्या डोळा आणि नाकपुडी यांच्यामधील खळग्यात उष्णता टिपणारा पातळ पडदा असतो, आणि त्याचे संदेश मेंदूत डोळ्यांच्या संदेशांशी जुळवले जातात.

ग्राहक जितके अधिक तितके इंद्रिय चांगले, असे म्हणता येईल का?

नाही. मँटिस कोळंबीच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या ग्राहकांचे १२ प्रकार आहेत, माणसात तीन. तरीही २०१४ मध्ये घेतलेल्या चाचणीत जवळजवळचे रंग वेगळे ओळखण्यात ती माणसापेक्षा बरीच मागे पडली. तीन ग्राहकांच्या संदेशांची तुलना करण्याचे जे काम आपला मेंदू करतो, ते टाळून ती बहुधा रंग पटकन ओळखण्यावर भर देते.

टेबलावर हात ठेवून मधले बोट आत दुमडले तर अनामिका का उचलता येत नाही?

हा प्रश्न लहान मुले फार आवडीने विचारतात आणि त्याचे उत्तर खरोखर चांगले आहे. बोटे हलवणारे मोठे स्नायू बोटांत नसून कोपराखालच्या हातात आहेत. तेथून कंडरा मनगटावरून दोऱ्यांसारख्या बोटांपर्यंत जातात. बोटे सडपातळ राहून बारीक कामे करू शकतात ती यामुळेच. परंतु बोटे वर उचलणारा मुख्य स्नायू चार बोटांसाठी एकच आहे, आणि हाताच्या पाठीवर त्याच्या कंडरा आडव्या बंधांनी एकमेकींना जोडलेल्या आहेत. मधले बोट दुमडले की त्याची कंडरा पुढे ओढली जाते, आणि बंधामुळे अनामिकेची कंडराही जागीच अडकते. तर्जनी आणि करंगळी यांना स्वतःचा एकेक जादा स्नायू मिळालेला आहे, म्हणून त्या दोघी त्याच स्थितीत सहज उचलल्या जातात.